बाबीकाकांचे गाऱ्हाणे

"तुमचे घर कोणते?" असे कुणी विचारले, की बाबीकाका डिचोलीच्या बंद खाणीत साचलेल्या हिरव्या पाण्याकडे बोट दाखवायचे. "थय. त्या पाण्याच्या मधोमध आमची चूल." नव्या पोदेराने पाव कुठे द्यायचे म्हणून विचारले, तरी हेच उत्तर. बिचारा सायकल धरून पाण्याकडे बघत राही. मग काकी दारातून ओरडायच्या, "अरे पोदेरा, हय ये! त्येंचा ऐकत ऱ्हवलंस तर पाव भिजतले."

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लोहखनिजाच्या खाणीवर खोदाईचे यंत्र चालवत. आमचे आजोबा सावंतवाडीकडून टिकाव घेऊन इथे आले, आजीने डोक्यावरून खनिज वाहिले आणि दोघांनी डोंगराच्या पायथ्याशी मातीचे घर बांधले. पुढे खाण पसरत पसरत त्या घरापर्यंत पोचली. आम्हाला रस्त्याकडेला दुसरे घर मिळाले. जुन्या घराची जागा खणायची त्या दिवशी यंत्रावर पाळी नेमकी काकांची होती.

पाळी बदलून मागता आली असती. त्यांनी मागितली नाही. "परको दणादणा खणतलो," ते मला सांगत, "मी सावकाश खणलंय." सगळ्यात आधी त्यांनी यंत्राच्या बकेटमध्ये मातीसकट तुळस उचलली. ती आजही काकींच्या अंगणात आहे.

तेव्हापासून हा खाणीतला माणूस मातीला भ्यायला लागला. परसात केळ लावायची तरी कुदळ हलक्या हाताने मारणार आणि मला दटावणार, "हळू गो बाय! खाली कोणीतरी आसा." मी शाळेत भूगोल शिकवते. मला हसू आवरत नसे. आता मीही कुदळ हळूच मारते.

वर्षातून एकदा आम्ही सगळे खाणीच्या काठावर जमायचो. काका नारळ ठेवून जाग्याच्या राखणदाराला गाऱ्हाणे घालत. "बा राखणदारा म्हाराजा, आमचो बापूस टिकाव घेवन हय इलो, आवशीन डोक्यार दगड व्हायले, तेंका इसरू नको." आम्ही मागून म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" आमच्या घराण्याचा इतिहास मी असा उभ्याने शिकले. शेवटी काकांचा आवाज खाली यायचा. "आनि ज्या हातान घर खणलां, त्या हाताक माफ कर."

इथे आम्ही सगळे गप्प. व्हय म्हटले, तर काकांनी गुन्हा केला हे कबूल केल्यासारखे व्हायचे, आणि ते आमच्यापैकी कुणालाच मान्य नव्हते. काका जरा थांबत. मग नारळ फोडत.

काका गेल्यावर काकींनी मला सांगितले, "ते दरवर्सा घराक येवन म्हणत, अजून कोणी माका माफ करूक नाय." मला रडू फुटले. इतकी वर्षे आम्ही मायेने गप्प राहिलो आणि तो भला माणूस भलतेच समजून बसला. केवढा मूर्खपणा!

यंदा गाऱ्हाणे मी घातले. बाबांना शब्द येत नव्हते, मला सगळे पाठ होते. शेवटचे वाक्य बदलून तिथे तुळशीचे काहीतरी म्हणायचे मी ठरवले होते, पण काठावर उभी राहिले आणि तोंडातून काकांचेच शब्द आले. "ज्या हातान घर खणलां, त्या हाताक माफ कर."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी काकी ओरडल्या. मागून आम्ही सारे.

मग काकींनी पदर सावरला आणि पाण्याच्या मधोमध बघत विचारले, "ऐकलात ना?"