बर्फातल्या कॉलेजचा मुलगा

दुबईतल्या अल मनखूल वस्तीत प्रसन्नला आता नावाने कोणी हाक मारत नाही. तो ‘स्वित्झर्लंडवाला’. एकोणीस वर्षांचं हे पोर तिकडच्या डोंगरातल्या एका स्कीइंगच्या गावात हॉटेल मॅनेजमेंट शिकतं, ही बातमी त्याच्या वडिलांनी, फरसाणवाल्या अंबादासरावांनी, ओळखीच्या प्रत्येक घरात स्वतः पोहोचवली आहे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या त्यांच्या कारखान्यात मुलाचा बर्फातला फोटो लावलाय, तोही देवाच्या तसबिरीपेक्षा मोठा.

त्या गावात प्रसन्नचा जीव गुदमरतो, हे मात्र कुणाला ठाऊक नाही. चारी बाजूंनी डोंगर अंगावर आल्यासारखे, दुपारीच सूर्य गडप. वर्गातली मुलं आपापल्या भाषेत हसतात आणि हा भिंतीकडे बघत बसतो. खोली खायला उठायची, म्हणून तो बर्फावर जायला लागला. तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं. दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे स्कीइंग मात्र झकास शिकला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ठरवूनच घरी आला होता, की यंदा सांगून टाकायचं, परत जायचं नाही. पण सांगणार कधी? रोज घरात पाहुणे, रोज कौतुक, आणि स्वतःच्याच कौतुकात तोंड खुपसून रडगाणं गायचं कसं? बघता बघता सुट्टी सरली. जायच्या आदल्या दिवशी विद्युल्लतामावशीने टूम काढली, की मॉलमधल्या बर्फाच्या टेकडीवर जाऊ आणि भाच्याची कमाल बघू. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि ही सगळी वरात भाड्याची जाकिटं चढवून आत कुडकुडत उभी.

वर नेणाऱ्या टांगत्या खुर्चीत बापलेक शेजारी बसले. अंबादासरावांनी समोरची दांडी घट्ट धरली होती. दोघंच असे महिनाभरात पहिल्यांदा सापडले होते.

“बाबा, मला परत नाही जायचं,” प्रसन्न खाली बघत म्हणाला. “आय कान्ट लिव्ह देअर. रोज रडतो मी.”

अंबादासराव रागावले नाहीत.

“मलाही इथे नव्हतं राहायचं,” ते म्हणाले. “पहिल्या वर्षी रोज वाटायचं, खलास, बॅग भरावी नि गावी जावं. पण गावात सगळे म्हणत होते, अंबादास दुबईला असतो. मग परत जाणार कुठल्या तोंडाने?”

प्रसन्नला भरून आलं. बाबांना कळलं होतं.

“मग काय केलंत?”

“काय करणार? राहिलो. तूही राहशील, सवय होते. आता नीट उतर, मावशी व्हिडिओ काढतेय.”

वर पोचल्यावर प्रसन्न एकटाच बर्फावरून घसरत खाली निघाला. वाटेत मुद्दाम पडायचं, सगळ्यांसमोर तोंडघशी पडायचं, असं त्याने ठरवलं. म्हणजे निदान कुणीतरी विचारेल, काय झालं रे तुला? पण पायांना ते जमेना. पाय आपले शिकल्याप्रमाणे वळत राहिले आणि तो सुरेख खाली आला. मावशीने टाळ्या वाजवल्या, अनोळखी लोकांनीही वाजवल्या.

त्याची आई, गिरिजाताई, कठड्यापाशी उभी होती. तिने पुढे होऊन त्याचा गार चेहरा दोन्ही हातांत धरला.

“फोनवर तुझा आवाज बारीक यायचा रे. वर्षभर मला वाटत होतं, पोरगं काहीतरी लपवतंय,” ती म्हणाली. “आज डोळ्यांनी बघितलं. छान रमलास तू. आता मी नाही काळजी करायची.”