न मागितलेली रजा

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी प्रवरेकाठच्या ऊसपट्ट्यातल्या एका हायस्कुलात नवा मास्तर होतो. वय तेवीस. वसतिगृहात अकोले तालुक्याच्या डोंगरांतून आलेली ठाकरांची, महादेव कोळ्यांची आदिवासी मुलं असायची. सुट्टीला घरी गेली की निम्मी परत येत नसत. म्हणून हेडमास्तरांनी एक पद्धत घातली: प्रत्येक मास्तराने एका मुलाचा पालक व्हायचं. रोज संध्याकाळी तासभर त्याच्यासोबत बसायचं, आठवड्यातून एकदा त्याच्या पंगतीला जेवायचं, आणि त्याला रजा हवी असेल तर ती पालकानेच हेडमास्तरांकडे मागायची.

या रजेबद्दलच मला बोलायचं आहे. पंचवीस वर्षं बोललो नाही.

माझ्या वाट्याला आलेला ठाकराचा मुलगा नववीत होता, पण शाळेत उशिरा घातलेला, त्यामुळे मिसरूड फुटलेलं. उंचीला माझ्याहून बोटभर जास्तच. वर्गात तोंड उघडत नसे, कारण उघडलं की बागायतदारांची पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करत. दर सोमवारी सकाळी वळकटी घेऊन एसटीच्या थांब्यावर जाऊन बसे. पहिल्या वेळी मी रागावलो. दुसऱ्या वेळी नुसता शेजारी बसलो. गाडी आली, गेली.

"जायचं नव्हतं?"

"तुमी बसल्यालं. कसा जाऊ?"

मग दर सोमवारी आम्ही दोघं गाडी चुकवायला बसू लागलो. स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची, "काय मास्तर, आजही लेक सासरी गेली नाही वाटतं?" श्रावण संपेपर्यंत वळकटी बंद झाली. सहामाहीला तो इंग्रजीत पास झाला. वर्गात उभा राहून सबंध धडा वाचला त्याने. मला काय वाटलं सांगू? हा माझा आहे, असं वाटलं. घोळ तिथेच झाला.

पौषात त्याचा बाप गेला. चैत्रात त्याच्या गावी बोहाडा असतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे बांधून नाचतात, आणि कोणतं सोंग कोणत्या घराचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. यांच्या घराकडे वेताळ होता. त्या साली बोहाडा वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आला.

"सर, चार दिस द्या. बापाचं सोंग मला घ्यायचं हाय. धाकल्याला मुखवटा पेलायचा न्हाई. घरातलं कुनी उभं राह्यलं न्हाई तर मान दुसऱ्या घरी जातो."

"आणि परत नाही आलास तर?"

"येतो ना. वेताळाची आन."

मी हसलो. हसायला नको होतं. "विचारतो," म्हणालो, त्याने लिहून आणलेला अर्ज खिशात घातला आणि हेडमास्तरांच्या दारावरून दोनदा गेलो. आत गेलो नाही. ते रजा देतील याची मला खात्री होती, आणि तेच मला नको होतं. गेला की हा तिकडचाच होऊन बसेल, असं मनाने घेतलं होतं. निकालाच्या दिवशी मुलांच्या नावांसोबत पालकांची नावंही वाचणार होते, हेही खरं. संध्याकाळी मी त्याला सांगितलं, "हेडमास्तर नाही म्हणाले."

तो पळून गेला नाही. माझ्यावर विश्वास होता, म्हणून गेला नाही. ते चार दिवस पुस्तक धरून माझ्यासमोर बसायचा आणि त्याचा पाय एका ठेक्यात जमिनीवर हलत राहायचा. मी "पाय थांबव" म्हणालो की थांबवायचा. घटकेने पुन्हा सुरू. वेताळ दुसऱ्या घरी गेला. परत मिळाला नाही.

तो पास झाला. पुढे डी.एड. करून आपल्याच डोंगरात शिक्षक झाला. दर दिवाळीला तांदूळ घेऊन माझ्याकडे येतो आणि एकदा तरी म्हणतो, "तुमी मागितली हुती रजा. त्या मानसानं दिली न्हाई." मी विषय बदलतो.

गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी हेडमास्तरांचा सत्कार केला. ते आता थकलेत, केडगावला मुलाकडे असतात. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "अरे, तुझा तो ठाकर का नाही आला? मी त्याला कधी काही बोललो होतो का?"

"घरी काम निघालं असेल," मी म्हणालो.

तीन दिवस धड एका जागी बसवेना. चौथ्या दिवशी त्याच्या गावी गेलो आणि अंगणात उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो शाळेला निघाला होता. शर्टाची बटणं लावता लावता थांबला.

"म्हंजी हेडमास्तरला ठावंच नव्हतं?"

"नाही."

"आन मी सत्काराला आलो न्हाई." मग उरलेली बटणं लावत, "माज्याकडं पन पालक म्हनून सात पोरं हायेत, सर. रजेचे अर्ज मीच घेतो." आणि एकदम, "हेडमास्तरला सांगितलं का?"

"अजून नाही."

"मंग तिकडं जायाचं सोडून हिकडं काय आला?"

तो वाटेला लागला. बसा म्हणाला नाही, चहाचंही विचारलं नाही.

बरोबर आहे त्याचं. उद्या केडगावला जाणार आहे. तिथे माझं तोंड उघडेल याचा मला भरवसा नाही, म्हणून हे लिहून काढलं. बोलता आलं नाही तर कागद त्यांच्या हातात देईन, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत समोर बसून राहीन.