फुकटची सांजोरी

आज दिग्रसच्या बसस्टँडवर गरम आलुबोंड्यांचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

काही वर्षांपूर्वी असाच वास यवतमाळच्या एका सभागृहात भरला होता. आत्यासोबत मी रेडिओच्या श्रोता मेळाव्याला गेले होते. आत्या फुलसावंगीहून फर्माईशीची पोस्टकार्डं टाकायची. निवेदक तिचं नाव घ्यायचे, म्हणून ते तिला घरचेच वाटायचे. घरच्यांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? तिनं डबाभर सांजोऱ्या नेल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर डबा द्यायला ती नाश्त्याच्या टेबलाशी गेली. तेवढ्यात रेडिओचे एक साहेब माइकवरून ओरडले, "नाश्ता फक्त पाहुण्यांसाठी आहे! श्रोत्यांनी फुकटचं खायला गर्दी करू नये!"

सगळे आत्याकडे पाहू लागले.

"मी खायले नाई आली, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्यासाठी सांजोऱ्या आणल्या." डबा ठेवून ती निघाली.

तेव्हा मी लाजेनं मान खाली घातली होती. आज संताप होतो. ज्यांच्या पत्रांवर तुमचा कार्यक्रम चालायचा, त्यांना एक आलुबोंडा देणं जड गेलं?

त्या दिवशी निघताना दारातून मी मागं वळून पाहिलं होतं. साहेब सांजोरी खात होते. फुकटची.