शुभांगीताई आणि हळदीचा तुकडा

तुमच्या घरच्या लग्नाच्या कॅसेटमधून कोणाला कापलं, हे तुम्ही कधी विचारलंय?

मला हा प्रश्न शुभांगीताईंमुळे पडला. भाईंदर पश्चिमेला त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. नवरा लग्नांचं शूटिंग करी आणि घरी दोन व्हीसीआर जोडून ताई कॅसेट तयार करत. काम करताना कधी खाली बसत नसत. एक बोट पॉजवर, एक पाय दाराकडे. "टेप पळतेय आणि मी काय बसू?" म्हणत.

तयार कॅसेट दिली की मूळ टेपवर पुढचं लग्न उतरवायचं, ही धंद्याची रीत. ताईंना पुसवत नसे. टेपा पलंगाखाली, गव्हाच्या डब्यामागे, शर्टांच्या घड्यांत. नवरा म्हणे, "मी गॅलरीत झोपतो, टेपांना पलंग दे."

जवळच्या खारी गावातल्या एका लग्नानंतर मुलीचे वडील आले. मी तिथेच होते.

"वैनी, हळदीचा तेवढा तुकडा काढा. आमची भावजय मधीच घुसली."

भावजय विधवा होती.

"घुसल्या कुठे? तुमच्या मुलीनं हात धरून आणलंय त्यांना."

"कॅसेट सासरी जानार हाय. काढा."

"हे नाही काढणार."

"मग मूळ टेप द्या. दुसऱ्याकडून करून घेतो."

टेप त्यांच्या लग्नाची. नाही कसं म्हणणार? "उद्या न्या," ताई म्हणाल्या.

ते जाताच त्यांनी मूळ टेपची नक्कल करायला लावली. तीन तासांची टेप तीन तासच घेते, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. खिडकी ते टीव्ही, टीव्ही ते खिडकी, त्या फेऱ्या मारत राहिल्या. मी रूढींवर तावातावानं बोलू लागले. "भाषण नंतर दे गं. आधी काउंटर फिरतोय का बघ."

मूळ टेप गेली. त्यामागून खारीतली कामंही गेली. ताई मात्र नक्कल घेऊन भावजयीकडे निघाल्या; मला सोबत नेलं. त्या बाई एकट्या राहत, घरात टीव्ही नव्हता, म्हणून शेजारणीकडच्या टीव्ही-व्हीसीआरवर कॅसेट लावली. पडद्यावर मुलीनं त्यांचा हात धरला, पाटापाशी आणलं, स्वतःच गाल पुढे केला.

बाई बघत राहिल्या. "म्हंजे तिनंच बोलावलं व्हतं. घरचे म्हनतात, तू घुसलीस. मला पन तसंच वाटाया लागलं व्हतं."

परतताना रिक्षात ताईंची चुळबुळ थांबेना. "सांगितलं म्हणून आजवर कितीजणींना कापलं असेल गं मी?"

वर्षभरात त्या भाईंदर सोडून गेल्या.

तुमची मूळ टेप पुसली जाण्याआधी शूटिंगवाल्याकडून आजच मागून आणा. आणि जिला कापलं, तिला घरी बोलावून ती सगळ्यांसमोर लावा.