बर्फमावशीचा सिलिंडर

दोह्यात ऑगस्टच्या दुपारी, बाहेर माणूस भाजून निघत असताना, बर्फमावशी घरात स्कीचे बूट घालून पोळ्या लाटत असे. पोटऱ्यांपर्यंत येणारे, दगडासारखे कडक बूट. ओट्यावर तवा तापलेला आणि खाली फरशीवर टॉक टॉक. "पायांना विसर पडू द्यायचा नाही," ती म्हणायची. "वर्षातून एकदाच बोलावलं तर बूट जावयासारखे रुसतात."

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. मूळची साताऱ्याची, वेस्ट बेमधल्या एका गॅस कंपनीच्या ऑफिसात इंजिनियर. नवरा फार वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. बिल्डिंगमधल्या बायका तिच्याबद्दल बोलताना "बिचारी" म्हणत. मला ती कधीच बिचारी वाटली नाही. सकाळचे डबे नाहीत, सासूचे फोन नाहीत, आणि हिवाळा आला की बाई निघाली डोंगरात. तेही पाळण्यात बसून वर जायचं अशा सोयीच्या जागी नाही. स्की पायात घालून स्वतः चढायचं आणि कोणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं. मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो गोडीगुलाबीचा नव्हता. पोटात दुखायचं.

अशा ठिकाणी कधीकधी अख्खा उतार सुटून माणसाच्या अंगावर येतो. त्यासाठी तिच्याकडे एक खास सॅक होती. खांद्याच्या पट्ट्याला एक मूठ, आत पाण्याच्या बाटलीएवढा सिलिंडर, त्यात दाबून भरलेली हवा. मूठ खेचली की सॅकमधून भला मोठा फुगा फटकन बाहेर येतो आणि माणूस बर्फाखाली गाडला न जाता वर राहण्याची शक्यता वाढते. एवढं असताना मग भीती कसली, असं मी एकदा म्हणाले. तेव्हा पोळी उलटत ती म्हणाली, "छत्री आहे म्हणून कोणी पावसात झोपत नाही गं."

तो सिलिंडर ती दिवाळीच्या सुमारास भरून आणायची. समुद्रात बुड्या मारणाऱ्यांच्या टाक्या जिथे भरतात, त्या डायव्हिंगच्या दुकानात. घरी आल्यावर बेसन मोजायच्या काट्यावर तो तोलायचा आणि पुढे दर शुक्रवारी परत तोलायचा. वजन उतरलं तर कुठेतरी गळती आहे. "हवा दिसत नाही, म्हणून तर तिला तोलायचं," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या काट्यावर आधी सिलिंडर आणि मागाहून लाडवांचं बेसन, असा क्रम मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. लाडू मात्र माझ्यापेक्षा बरे व्हायचे. तेही खुपायचं.

सगळ्यात जास्त खुपायची ती इरा. माझीच मुलगी. दोह्यातच वाढलेली, माझ्याशी बोलायची ते इंग्रजीतून. मी म्हणायचं, "इरा, जेवायला ये," आणि खोलीतून उत्तर यायचं, "कमिंग, मॉम." येत कोणी नसे. हीच इरा मावशीबरोबर सिलिंडर भरायला जायची, येताना गाडीत बसून दोघी इकडचा तो दाट, कडक करक चहा प्यायच्या आणि मराठीतून बोलायच्या. सातारी मराठीतून. एकदा इरा मला म्हणाली, "आई, तू लई टेन्शन घेतीस." मी तिला इतकी वर्षं मराठी शिकवत होते, त्याचं हे फळ, आणि झाड शेजारच्या फ्लॅटमध्ये.

विमानात भरलेला सिलिंडर न्यायचा तर परवानग्या आणि एअरपोर्टवर वादावादी. म्हणून मावशी निघायच्या आधी तो रिकामा करायची आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा भरून घ्यायची. पण नुसती हवा सोडून देणं तिला पटत नसे. सोफा भिंतीला सरकवायचा, सॅक पाठीवर चढवायची, बिल्डिंगमधली पोरं गोळा करायची आणि मूठ खेचून हॉलमध्ये फुगा उडवायचा. पुढे इराला तिने आपली जुनी सॅक दिली तेव्हापासून हा सराव इराचा झाला. मावशी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता मध्येच ओरडायची, "खेच!" इराने हातातलं सगळं टाकून मूठ खेचायची. "विचार करायचा नाही," मावशी बजावायची. "विचार करणारा खाली राहतो."

गुलमर्गला दोन हिवाळे शिकून झाल्यावर इराला मावशीबरोबर जॉर्जियाच्या डोंगरात जायचं होतं. मावशी माझ्याकडे आली. "तू नको म्हणालीस तर नेणार नाही. खलास." मला नको म्हणायचं होतं. पण मग इरा माझ्यावर रुसली असती आणि रडायला शेजारीच गेली असती. मी हो म्हणाले आणि बॅगेत चिवड्याचा डबा भरला. दोघींना पुरेल इतका, नाइलाजाने.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी इराचा फोन आला. "आई, मी बरी आहे." पहिल्याच वाक्याला मी गॅस बंद केला, कारण वाक्य मराठीत होतं. उतार सुटला होता. एका वेळी एकीनेच उतरायचं असा मावशीचा नियम. मावशी आधी उतरून बाजूला उभी होती आणि इरा मध्यावर. "मला काहीच कळलं नाही. मावशी ओरडली आणि हात आपोआप गेला. मी वर राहिले, आई." गुडघा मुरगळला होता, बाकी काही नाही.

फोन ठेवून मी देवापुढे दिवा लावला, पोटभर रडले. आणि डोळे पुसतानाच मनात आलं, त्या बाईच्या एका हाकेला हिचा हात जातो. माझ्या हाकेला ही कधी ताटावरही आली नाही. पोरीचा जीव वाचवणाऱ्या बाईचा हेवा करणारी आई जगात मीच असेन. पण वाटला, हे खरं.

मावशी परत आली. दाराशीच म्हणाली, "तुझी पोर तुला परत केली." मी तिला घट्ट मिठी मारली. रागही होताच, मिठीत तोही असणार.

पुढच्याच उन्हाळ्यात ती निवृत्त झाली आणि साताऱ्याला निघाली. नोकरी संपली की इथला मुक्कामही संपतो, त्याला इलाज नसतो. जाण्याच्या दिवशी तिने तो काटा आणून माझ्या ओट्यावर ठेवला. "आता इराचा सिलिंडर तू भरून आणायचा."

"मला त्यातलं काय कळतंय, मावशी?"

"तोलता येतं ना? झालं तर. यल्ला, चला, टॅक्सी थांबलीय."

त्या दिवाळीत मी सिलिंडर घेऊन डायव्हिंगच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, आप डायव्हिंग करती हैं?" मी म्हटलं, "नहीं, बेटी उड़ती है." दर शुक्रवारी तोलला. इरा निघायच्या आदल्या दिवशी सोफा सरकवला आणि ओट्यापाशी उभी राहून ओरडले, "खेच!"

इरा माझ्याकडे बघत उभी राहिली. मग हसून म्हणाली, "आई, तुझ्या आवाजात 'जेवायला ये'च ऐकू येतं." मी भांडी घासायला वळले, बराच वेळ जाऊ दिला, आणि एकदम पोटातून ओरडले. फुगा फटकन उडाला आणि टेबलावरचा चहा आडवा झाला. इरालाच कळलं नव्हतं, हात कधी गेला ते.

तिने लगेच साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. "मावशी, आई ओरडली आणि मी खेचलं!" मावशी हसली. "हो का? छान. माझ्याशिवाय उडवलात." मग कुकरची शिट्टी होतेय म्हणून तिने फोन ठेवला. शिट्टी मला काही ऐकू आली नव्हती.

मावशीच्या बोलण्यातला तो खुपलेला सूर मी ओळखला. इतकी वर्षं तो माझा होता. मी दुसऱ्या खोलीत जाऊन तिला परत फोन लावला आणि विचारलं, "मावशी, रिकाम्या सिलिंडरचं वजन किती यायला हवं गं?" तिने सविस्तर सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि नीट लक्षात ठेव म्हणून बजावलं. तो आकडा सिलिंडरवर कोरलेलाच असतो आणि मला तो पाठ होता.