दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिले

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी चार लोकांनी वाचावं असं काही लिहायला बसलोय – हा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल आधी माफ करा. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. गावी पिशोरला आईला नाही, इथं शहरात खोलीतल्या मित्राला नाही. ज्यांना सांगायला हवी होती, त्यांना तर नाहीच.

गारखेड्यात मी राहतो त्या गल्लीत एक छोटं बुद्धविहार आहे. त्याच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात आवाज होते. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या बायांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या – बाबासाहेबांच्या, दीक्षेच्या, लेकीला शाळेत घातल्याच्या. निवृत्त शिक्षक असलेल्या साळवे काकांनी अकरा वर्षं एसटीनं फिरून त्या जमवल्या होत्या. त्यातल्या निम्म्या बाया आता नाहीत.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय म्हटल्यावर काकांनी बॅकअपचं काम माझ्याकडं दिलं. दर रविवारी सगळं वायरनं जोडायच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचं आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची. तारीख, सही, आणि महिन्यातून एकदा तिसरा रकाना – ‘दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिले’. हा रकाना काकांनी स्वतः पट्टीनं आखला होता. म्हणायचे, “ह्याच मशीनवर वाजलं तर त्यात काय कळणार? कॉलेजच्या लॅबमधी नेऊन बघत जा.”

मी दर महिन्याला तो रकाना भरला. हार्ड डिस्क एकदाही लॅबमध्ये नेली नाही. का नेली नाही? – सांगतो. ते सांगायलाच तर बसलोय.

एकदा मी काकांबरोबर पाचोडला गेलो होतो. तिथं सोजरबाई होत्या, आठवडी बाजारात मिरच्या विकणाऱ्या. बाजार उठल्यावर त्या आम्हाला घरी घेऊन गेल्या. जातं तर केव्हाच मोडलं होतं, पण गाताना त्यांचा हात हवेत गोल फिरत होता. मी माइक धरला होता. गाणं झाल्यावर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि विचारलं, “माझा आवाज कुटं जाणार रं आता?”

“कुठंच नाय मावशी. माझ्याकडं राहील,” मी म्हणालो.

“बघ हं. मी काय पुन्हा गाणार नाय,” त्या हसल्या.

मागच्या वर्षी तो कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला. फॉरमॅट करू या, असं मीच सुचवलं. दुकानदारानं विचारलं, “डाटा घेतला ना सगळा? नंतर रडायचं नाय.” घेतलाय, म्हणालो. सगळे ड्राइव्ह साफ करा, हेही मीच सांगितलं.

परत आणून हार्ड डिस्क जोडली. सगळी नावं जिथल्या तिथं होती. सोजरबाईंच्या नावावर क्लिक केलं – आवाज आला नाही. एक छोटी चौकट आली: मूळ फाइल सापडत नाही. दुसरं नाव, तिसरं नाव, तेच. मग माझं लक्ष गेलं – प्रत्येक नावाच्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण होता. दीड वर्ष मी तो बाण बघत होतो. ते शॉर्टकट होते. काकांना सोपं जावं म्हणून डेस्कटॉपवर ठेवलेले नुसते पत्ते. दर रविवारी मी पत्ते उतरवत होतो. गाणी दुसऱ्याच ड्राइव्हमध्ये होती, आणि ती मी पुसून आणली होती. जुन्या मशीनवर हार्ड डिस्कवरची नावंही वाजायची, कारण गाणी त्याच मशीनमध्ये होती. लॅबमध्ये एकदा, एकदाच उघडून पाहिलं असतं, तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

दोन दिवस मी धडपडलो. पुसलेल्या फाइली परत आणणारी सॉफ्टवेअर लावली, दुकानात पुन्हा गेलो. “वरून नवीन विंडोज बसलंय भाऊ. गेलं ते,” दुकानदार म्हणाला.

तिसऱ्या दिवशी काका आले. “काय साहेब, तुमचं मशीन मुकं झालं का?” ते नेहमीसारखे थट्टेत बोलले. मी त्या वेळी खरं बोलू शकलो असतो. रजिस्टर समोरच पडलं होतं. पण मी म्हणालो, “काका, मागं तुम्ही हार्ड डिस्क चालू असतानाच ओढून काढली होती ना – त्यानं खराब झाली.” त्यांनी एकदा तसं केलं होतं, हे खरं आहे. म्हणून तर मला ते सुचलं.

त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं. “म्हंजी माझ्याच हातानं गेलं म्हण की.”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

आता लॅबचं. लॅबमध्ये मी कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी फक्त पहिलं नाव सांगायचो, आडनावाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचो. ती नावं त्या पोरांसमोर स्क्रीनवर उघडायची, स्पीकरमधून एखाद्या बाईचा ‘जय भीम’ ऐकू यायचा – मला ते नको होतं. हेडफोन नव्हता का? होता, दर टेबलावर होता. म्हणजे तेही कारण नव्हे. मला त्या बायांची लाज वाटत होती. ज्यांच्या घरी मी जेवलो, त्यांची. दुसरं काही नाही.

गेल्या आठवड्यात काकांच्या मुलीचा, सरिताताईंचा फोन आला. सोजरबाई गेल्या. पुण्यानुमोदनाला काका पाचोडला गेले होते. आईचा आवाज सगळ्यांना ऐकवा, असं सोजरबाईंच्या मुलानं सांगितलं. काका उठून उभे राहिले, हात जोडले आणि भरल्या मांडवात म्हणाले, वायर मी ओढली, तुमच्या आईचा आवाज माझ्या हातून गेला.

“तेव्हापासून बाबा मोबाइललासुद्धा हात लावत नाहीत,” ताई म्हणाल्या. “तू येऊन समजाव ना त्यांना. तुझ्यावर लई विश्वास आहे त्यांचा.”