आर्मांदीनचे दुसरे टोल

आमच्या गावच्या चर्चचं घड्याळ दर तासाचे टोल दोनदा देतं. पहिले पडले की दोन मिनिटांनी पुन्हा तेवढेच. पहिल्या टोलांना शेतातल्या माणसाने पाठ सरळ करायची आणि दुसरे मोजायचे. पहिले आमच्याकडे कुणी मोजतच नाही.

या घड्याळाला चावी देते आर्मांदीन व्हियाल. वय त्र्याहत्तर, जीभ विशीतली. एकावन्न वर्षं ती मनोऱ्याच्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढते आहे. नवऱ्याला पुरलं त्या दिवशीही काळ्या कपड्यांत चढली. "तो गेला, घड्याळ नाही गेलं," म्हणाली. तेव्हा मला तिचा राग आला होता. आज अभिमान वाटतो.

या वसंतात पॅरिसहून राहायला आलेल्या जोडप्याने तक्रार केली, एकदा कळलं, पुन्हा कशाला? सरपंच फाबियें मुळात घाबरट. त्याने सभा बोलावून ठरावच मांडला. घड्याळ विजेवर चालणार, दुसरे टोल बंद, आर्मांदीनने किल्ली जमा करायची.

"एकदा सांगून तुला तरी कधी कळलंय का रे?" तिने भर सभेत विचारलं. "टोल दोनदा पडूनही स्वतःच्या लग्नाला उशिरा आलास!"

सभा खदखदून हसली, पण हात वर झालेच. तिने किल्ली टेबलावर आपटली आणि निघून गेली.

घड्याळ विजेवर गेलं त्या सोमवारी दुपारी बाराचे टोल पडले. सवयीने आम्ही सगळे दुसऱ्या टोलांची वाट बघत बसलो. माझ्या बेकरीत, समोरच्या घरात, सगळीकडे सूप निवत होतं आणि चमचा कुणी उचलेना. मनगटावर घड्याळं होती, पण त्यांच्याकडे बघतो कोण!

तेवढ्यात आर्मांदीनच्या अंगणातून ठणठण आवाज सुरू झाला. मी धावलो. अक्रोडाला नांगराचा जुना फाळ टांगलेला आणि तिच्या हातात हातोडा. मागोमाग सरपंच आला, गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच.

"मादाम आर्मांदीन, थांबवा! ठरावाचा भंग आहे हा!"

"ठरावात घड्याळाचे टोल लिहिलेत. हा फाळ आहे. नीट वाच, दोनदा वाच."

"दंड होईल तुम्हाला."

"कर की. पावती मात्र दोनदा पाठव, एकदा पाठवलेली मी मोजत नाही."

फाबियें ओशाळला. मग हळूच म्हणाला, "किती झाले हे? माझंही जेवण अडलंय."

ती हसली नाही.

"तुझ्या बडबडीत माझीही मोजणी चुकली. आता पहिल्यापासून. मोज!"

हातोडा पडला, आणि सरपंच बोटांवर मोजू लागला.